मदत घेणाऱ्या घरात तीन फोन: रिचार्ज बंद करा म्हणायचं का?

वडगावची मास्तरीण

नमस्कार. गेल्या बैठकीत आमच्या महिला मंडळात यावरून एवढं वाजलं की केलेला चहा तसाच निवून गेला, म्हणून इथं विचारते.

मंडळ आमचं लहानच. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतल्या बायका, महिन्याला शंभर रुपये वर्गणी, गणपती-दसऱ्याला कुणी वरचे घालतं. त्यातून अडलेल्या चार-पाच घरांना महिन्याचा किराणा पोचवतो. दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, अंगाचा आणि कपड्याचा साबण. हिशेबाची वही माझ्याकडं असते. जन्म बालवाडीत गेला, त्यामुळं रेघ मारून बेरीज जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्यातल्या एका घराचा विषय आहे. यजमान उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. उजवा हात भाजला, बोटं अजून मिटत नाहीत. कंत्राटदाराकडचं काम, हात थांबला तसा पगारही थांबला. बायको साड्यांना फॉल-पिको करते. मुलगा आयटीआयला, मुलगी नववीत, सासूबाई अंथरुणावर. बीपीएल कार्ड आहे. रेशनचा तांदूळ मिळतो, लाइटबिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य येतं, आणि गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार सासूबाईंच्या खात्यावर पडतात, कारण कार्डावर कुटुंबप्रमुख त्याच. हप्ता कधी मागं-पुढं होतो, पण येतो.

तर आमच्यातल्या दोघी किराणा द्यायला गेल्या तेव्हा एकाच बोर्डाला तीन फोन चार्जिंगला लावलेले. तिन्ही टचस्क्रीनचे. एकीनं सहज म्हणून विचारलं, रिचार्ज कितीचा मारता? त्या बाईनं सरळपणे सांगितलं: यजमानांना 349, मुलाला 349, मला 299. झालं! बैठकीत ही म्हणाली, "आम्ही तांदूळ द्यायचा आणि यांनी हजार रुपये कंपनीला द्यायचे? दोन फोन बंद करा, मगच पुढच्या महिन्याचं पोतं, असं सांगा."

मी घरी येऊन बेरीज केली. 997 रुपये, तेही महिन्याला नव्हे, 28 दिवसांना. वर्षात असे 13 रिचार्ज बसतात. 12,961 रुपये होतात. गृहलक्ष्मीचे वर्षाचे 24,000. म्हणजे सरकार सासूबाईंना देतं त्यातला निम्म्याहून जास्त पैसा टॉवरला जातो. आकडा बघून मलाही राग आला, खोटं कशाला बोलू?

पण अट घालायची म्हटलं की जीभ अडखळते. आम्ही देतो तो किराणा दीड हजाराच्या आसपासचा. तेवढ्यावर दुसऱ्याच्या घरातल्या बोर्डावर काय लावावं हे सांगायचा हक्क येतो का? आणि येत नसेल, तर ज्या बाईनं आपल्या शंभरातून वर्गणी दिलीय तिला मी काय सांगू? वर्गणी देणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या दोघी आहेत. त्यातल्या एकीकडं अजून बटणांचाच फोन आहे.

तुमच्याकडं असं झालंय का? फोन चैनीत धरायचा की गरजेत, यावर भाषण नको. प्रत्यक्षात काय करावं ते सांगा.

पेन्शनर, टिळकवाडी

ताई, अट घालावी असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी योजना हा हक्क असतो, तिथं कुणी फोन मोजत नाही आणि मोजूही नये. तुमचं मंडळ म्हणजे सरकार नव्हे. तुमच्याकडं विश्वासानं ठेवलेला दुसऱ्याचा पैसा आहे. मी बँकेत होतो. कर्जदार येऊन हप्ता लांबवून द्या म्हणाला की आम्ही आधी घरखर्चाचा कागद मागत असू. त्यात अपमान काही नव्हता. कागद बघितला की साधारण कळायचं की पाणी कुठून झिरपतंय. केबल, फोन आणि सुपारी-गुटखा, ही तीन खाती हमखास सापडायची.

बटणांचा फोन वापरणाऱ्या त्या बाईचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात. माझ्या मते तीच खरी गोष्ट आहे. तिनं स्वतः काटकसर करायची आणि तिच्या पैशातून ज्याला मदत जाते त्यानं रोज दोन जीबी वापरायचं, हे तिला कोणत्या तोंडानं समजावणार? घराला एक चांगला फोन पुरे. बाकीच्यांनी साधे वापरावेत. करमणुकीला माझा विरोध नाही, पण ती दुसऱ्याच्या तांदळावर नको.

रिचार्जवाला, निपाणी

पेन्शनर काकांनी बँकेचा काउंटर सांगितला, मी माझा सांगतो. स्टँडजवळ माझं मोबाईल रिचार्जचं दुकान हाय. बिडीच्या बायकांचा आठवड्याचा पगार झाला की संध्याकाळी हितं रांग लागत्या. पदराच्या गाठीतनं नोटा निघत्यात, त्यालाबी तंबाखूचा वास. त्यामुळं हे 'गरीब लोक महागडा प्लॅन मारत्यात' म्हणजे नेमकं काय, ते मला जरा जवळनं माहीत हाय.

पहिली गोष्ट, महागडा पॅक कुणी हौसेनं घेत नाही. लोक हातात जेवढं असतंय तेवढ्याचा घेत्यात, आणि तोच शेवटी महाग पडतो. मास्तरीणबाई, तुमचं 13 रिचार्जचं गणित बरोबर हाय, बऱ्याच शिकलेल्यांनाबी ते ठाऊक नसतंय. 2022 साली ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की 30 दिवसांचा एक तरी पॅक ठेवा, आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणाराबी एक ठेवा. तसा जिओचा आला, जुलै 2024च्या दरवाढीनंतर तो 319चा झाला. 299चा 13 वेळा मारला तर 3,887 होतात, 319चा 12 वेळा मारला तर 3,828. वरच्या रकमेचा पॅक वर्षाला स्वस्त! पण गिऱ्हाईक उभं राहून 299 आणि 319 बघतंय, आणि 299वर बोट ठेवतंय. त्याचं काय चुकलं?

84 दिवसांचं तर आणखी. जुलै 2024च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा 84 दिवसांचा 799ला झाला. तेच 28-28 दिवसांनी तीनदा मारलं तर 897. फरक 98 रुपयांचा. पण एका वेळी 799 काढून द्यायला बिडी वळणाऱ्या बाईकडं ते असायला पाहिजेत की. ज्याच्याकडं असत्यात तो वाचवतो, ज्याच्याकडं नसत्यात तो भरतो.

दुसरी गोष्ट नुसत्या बोलण्याच्या पॅकची. डिसेंबर 2024ला ट्रायनं नियम काढला की ज्याला नेट नको त्याला फक्त कॉल आणि एसेमेसचा पॅक द्या. जानेवारी 2025ला ते पॅक निघाले. जिओचा 84 दिवसांचा 448ला, एअरटेलचा 469ला. आता कुणी मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या आईवडिलांचा फोन ह्या पॅकवर हाय? अॅपमध्ये तो पार खाली सरकवलेला असतो. दुकानदाराला शंभरामागं जेमतेम दोन-तीन रुपये सुटत्यात, मग लहान पॅक तो आपणहून कशाला सांगंल?

तुमच्या त्या घराचं मी बसल्या बसल्या काढलं. आता 84 दिवसांत त्यांचे 2,991 जात्यात. बायको आणि पोरगा दोघांना 799चा, आणि यजमान घरातच असतील तर त्यांना 448चा. बेरीज 2,046. वाचले 945. फोन एकबी बंद केला नाही.

बंद करायच्या आधी मात्र लई विचार करा. पॅक संपला की आउटगोइंग लगेच जातंय, इनकमिंग काही दिवसांनी. मग नंबर बरेच महिने पडून राहिला की कंपनी तो काढून घेत्या आणि दुसऱ्याला देत्या. आधार, बँक, गॅस सगळं त्याच नंबरावर. सिलिंडर दारात आला की तो आणणारा पोरगा कोड मागतो. कोड कुठं गेला? ज्याला नंबर मिळाला त्याच्या खिशात. असं झाल्यावर रडत आलेली माणसं मी बघितल्यात.

आणि आमच्या सीमेवरची एक गंमत. कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणारी निपाणीची माणसं अजून दोन-दोन सिम बाळगत्यात. पूर्वी कोगनोळी नाका ओलांडला की रोमिंग लागायचं, घेतलेल्या फोनचेबी पैसे जायचे, म्हणून एक कर्नाटकाचं आणि एक महाराष्ट्राचं. रोमिंग जाऊन किती वर्षं झाली, दुसरं सिम तसंच. का, तर "ते कशाला तरी जोडलंय". कशाला ते कुणालाच आठवत नाही. खरा फुकटचा खर्च बघायचा तर असल्या ठिकाणी बघा.

शेवटचं. चौकशी करायचीच असंल तर रिचार्जची नको, मोबाईलच्या हप्त्याची करा. पंधरा-अठरा हजारांचा फोन हप्त्यावर घेतलेला असतो, तो हप्ता घर खातो. रिचार्ज त्याच्यापुढं किरकोळ.

वडगावची मास्तरीण

@रिचार्जवाला, दादा, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. 448चा पॅक मला माहीत नव्हता. आमच्या ह्यांच्या फोनला तो आजच मारून घेणार आहे, घरात वायफाय असताना उगाच दीड जीबी कशाला.

@पेन्शनर काका, तुमचं म्हणणं पटत नाही असं नाही. पण 'घराला एक फोन' म्हटल्यावर तो एक कुणाकडं राहणार?

दूधगंगेकाठची

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते. नवऱ्याकडं. तो घरात नसेल तर मुलाकडं. बायकोच्या वाट्याला "जरा दे बघू, आईला फोन लावायचाय" एवढंच येतं, आणि नववीतल्या मुलीच्या वाट्याला तेही नाही. तिला शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ भावाच्या मर्जीनं मिळणार. तुम्ही बैठकीत 'एक फोन ठेवा' म्हणाल तेव्हा तुम्हाला हे करायचं नसेल, पण होणार हेच. आणि तुम्ही सांगता त्या घरात सगळ्यात आधी त्या फॉल-पिकोवालीचा फोन जाईल, कारण सगळ्यात स्वस्त पॅक तिचा म्हणजे सगळ्यात कमी गरज तिला, असं घरातलेच म्हणतील.

मी मदत घेतलेली बाई आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. ऑगस्ट 2019मध्ये दूधगंगेचं पाणी आमच्या घरात छातीला लागलं. मागची भिंत बसली. आम्ही शाळेत, गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत. सरकारचे सुरुवातीचे दहा हजार खात्यावर आले. शिवाय गाड्या भरभरून लोक यायचे: चादरी, साड्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एक प्रसंग मनातून जात नाही. एका गाडीसोबत आलेल्या बाईंनी माझ्या उशाशी ठेवलेला फोन उचलला, पालथा केला, पाठीमागचं कव्हर बघितलं आणि परत ठेवला. तोंडातून शब्द काढला नाही. साडीचा गठ्ठा मात्र माझ्या पुढच्या बाईला दिला. कुठली संस्था ते सांगत नाही, सांगून काय मिळणार?

तो फोन आम्ही घर सोडताना तेलाच्या पिशवीत गुंडाळून, गाठ मारून नवऱ्याच्या बंडीत ठेवला होता. त्यात पडलेल्या भिंतीचे फोटो होते, पाणी चढत असतानाचे. पंचनाम्याला ते दाखवले. पुढं घर बांधायचे पैसे टप्प्याटप्प्यानं आले, पाया झाला की फोटो, भिंती उठल्या की फोटो. साहेब कधी येणार ते फोनवरच कळायचं. फोन बंद असला की साहेब पुढच्या गावाला.

पेन्शनर काका, तुम्ही घरखर्चाचा कागद मागत होता ते ठीक. पण तुम्ही सगळ्यांनाच मागत होता. मदत द्यायला आलेला माणूस तसा कागद मागत नाही, तो डोळ्यांनी बघतो, आणि डोळ्यांना फोनच दिसतो. नवऱ्याची तंबाखूची पुडी खिशात असते.

ज्या घराला द्यायचं त्याला द्या. नाही द्यायचं तर सरळ नाही म्हणा. मधलं काही करू नका, एवढंच माझं मागणं.

जांबोटीकडचा

सगळ्यांचं वाचलं. आमच्यात पॅक स्वस्त की महाग हा प्रश्नच येत नाही, कारण रेंजच नाही. घराच्या मागं चढ आहे, तिथं काजूच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. पावसाळ्यात त्याही नाहीत. पैसे मात्र पूर्ण दीड जीबीचे. जंगलात राहणाऱ्याला अर्धा पॅक द्या असा नियम ट्रायनं काढावा.

पण एक सांगायचं होतं. गवंड्याच्या हाताखाली गोव्याला जाणारी आमची पोरं आता मुकादमाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काम बघतात. तो कुणाला फोन करत बसत नाही. "उद्या म्हापशाला आठ माणसं पाहिजेत" एवढं टाकतो, पहिले आठ जण जे लिहितील ते गाडीत. बटणांचा फोन असलेला माणूस त्या आठांत कधीच नसतो. त्यामुळं आयटीआयच्या पोराचं नेट बंद करायच्या आधी जरा विचार करा. त्याला उद्या काम मिळणार ते तिथूनच. आता तो रील बघत असेल, बघू दे की.

पेन्शनर, टिळकवाडी

दूधगंगेकाठच्या ताईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. 'एक फोन' हा शब्द मी मागं घेत नाही, पण तो कुणाकडं राहील याचा विचार मी केला नव्हता हे खरं.

मास्तरीणबाई, एक वेगळीच गोष्ट विचारतो. या सगळ्या चर्चेत आपण 945 रुपयांच्या मागं लागलोय. त्या गृहस्थांचा ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, पगारातून कापला जात होता का? कंत्राटदाराचा माणूस म्हणून सुटत नाही. महिना 21,000पर्यंत पगार असलेला कंत्राटी कामगारही त्यात येतो. कामावर इजा झाली असेल तर कामावर जाता येत नाही तेवढ्या काळाची भरपाई मिळते, सरासरी रोजाच्या 90 टक्के. शिवाय औषधोपचार. बोटं कायमची मिटत नसतील तर कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा, त्यासाठी मेडिकल बोर्डापुढं जावं लागतं. हे जर मिळत असेल तर तुमचा तांदूळ आणि आमचा वाद, दोन्हींची गरज कमी होईल. पगाराची चिठ्ठी बघा. चिठ्ठी नसेल तर ईएसआयचा विमा नंबर शोधा. तो एकदा मिळाला की आयुष्यभर तोच राहतो, मालक बदलला तरी.

वडगावची मास्तरीण

काल त्या घरी जाऊन आले. बैठकीतल्या बाईला बरोबर यायला सांगितलं होतं. ती आली, पण उंबऱ्यातच बसली.

अट-बिट काही बोलले नाही. वही उघडली आणि म्हटलं, मला रिचार्जचं गणित कळलंय, तुम्हाला सांगते, पटलं तर बघा. बायकोनं पहिल्या ओळीलाच मान हलवली, ती रोज सुताच्या रिळांचा हिशेब करणारी बाई आहे. गिऱ्हाइकं तिला साडीचा फोटो पाठवतात, ती त्याला जुळणारा दोरा काढून परत फोटो पाठवते, मग फॉल लागतो. एक साडी तिथंच मांडीवर होती, मोरपंखी, आणि दोरा तंतोतंत त्याच रंगाचा. मी बालवाडीत इतकी वर्षं रंग शिकवले, मला तो वेगळा ओळखता आला नसता.

मुलाच्या फोनचं निघालं ते ऐका. सासूबाईंच्या आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर त्या नातवाचा! त्यांचा स्वतःचा फोन कधी नव्हताच. गृहलक्ष्मीचा अर्ज भरताना ओटीपी त्याच्याच फोनवर आलेला. पैसे जमा झाल्याचा मेसेजही त्यालाच येतो. योजनेचे मेसेज कन्नडमध्ये आले की नववीतली मुलगी ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवते, मराठी करून. म्हणजे आमच्या बैठकीत जे फोन बंद करायची भाषा झाली, त्यातल्याच एकावर घरातल्या दोन हजारांचा निरोप येतो. उंबऱ्यातली बाई यावर काही बोलली नाही, पण आत येऊन बसली.

यजमान मात्र बधले नाहीत. 448च्या पॅकचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड. दिवसभर घरात, उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्या अंगठ्यानं ते व्हिडिओ वर सरकवत असतात. "दिवस जाईना झालाय हो बाई," म्हणाले. मी पुढं रेटलं नाही. बायको म्हणाली, मी बघते. बघेल ती.

मंडळात असं ठरलं: अट नाही. मायलेकांपैकी एकाचा 799चा पॅक मंडळ एकदम मारून देणार, आणि त्यांनी भिशीसारखे आठवड्याला 70 रुपये परत करायचे. 84 दिवस म्हणजे बरोबर 12 आठवडे, 11 हप्ते 70चे आणि शेवटचा 29चा. बाकीच्या घरांनाही हवं असेल तर हेच. वर्गणीदारांपैकी बटणांच्या फोनवाल्या बाईनं विचारलं, "मलाही मिळेल का असा?" तिलाही देणार. विरोध करणाऱ्या बाईनं एवढीच मागणी केली की रिचार्ज किराण्यात दाखवायचा नाही, वेगळं खातं उघडायचं. उघडलं.

@पेन्शनर काका, ईएसआयचं विचारलं. कापत होते म्हणतात, पण चिठ्ठी एकही नाही. आधी ते शिरोलीला कामाला होते, नंबर तिथं निघाला. त्याचे मेसेज जुन्या कोल्हापूरच्या सिमवर यायचे. ते सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत अजून आहे. त्याचा रिचार्ज त्यांनी मध्यंतरी काटकसर म्हणून बंद केलाय. आता काय करू?

रिचार्जवाला, निपाणी

बघा, मी म्हणालो नव्हतो, "कशाला तरी जोडलंय"!

आधी ते सिम चालू हाय का बघा. दुसऱ्या फोनवरनं त्याला लावून बघा, 'नंबर अस्तित्वात नाही' म्हणालं नाही तर आशा हाय. आजच्या आज लहानातला लहान पॅक मारा, एसेमेस येणारा असला पाहिजे तेवढं बघा. चालू झालं की जुने मेसेज आधी वाचा, विमा नंबर त्यातच सापडंल. तो कागदावर उतरवा. मग ईएसआयच्या ऑफिसात आधार घेऊन जावा आणि नवीन नंबर नोंदवा. बँकेलाबी तेच. नवीन नंबरवर मेसेज यायला लागल्याशिवाय जुनं सिम सोडू नका.

सिम गेलंच असंल तरी घाबरू नका, आधार दाखवून ऑफिसात नंबर शोधता येतो, फक्त फेऱ्या वाढत्यात.

वडगावची मास्तरीण

आत्ता लावून बघितलं. स्विच्ड ऑफ म्हणतंय, अस्तित्वात नाही म्हणत नाही. मुलाला पाठवलंय दुकानात. मंडळाच्या नव्या खात्यात पहिली नोंद याचीच पडणार.